खालची बाजू

शुक्रवारी दुकान बंद,
तेव्हा अबू मिशारीची गाडी येते मला न्यायला.
चिमटे, भिंग, घड्याळाच्या तेलाची कुपी
रुमालात गुंडाळून मी मागे बसतो.
तो म्हणतो, पुढे बस रे परकार.
दर शुक्रवारी म्हणतो.

त्याच्या दिवाणियात भिंतभर काच.
काचेआड हेलिकॉप्टरं, ओतीव धातूची,
एकास बहात्तर.
मेघना ओलांडलेलं एमआय-चार,
उघड्या दाराचं ह्यूई,
दारात शेंगदाण्याएवढा बंदूकवाला.
गॅझेल दोन, साचा एकच,
एक कुवेतचं, एक इराकचं,
वैर रंगापुरतं.
त्यांच्यामध्ये त्याने चार बोटं
जागा सोडलीय.

आज मोडलंय ते खालच्या फळीवरचं,
फुगीर, वाळूच्या रंगाचं.
मिशारीने पंखा फिरवला, जरा जास्तच,
दोन पाती निसटली.
मला काय, सेकंदकाट्याची सवय,
त्यापुढे ही पाती म्हणजे वल्ही.

"हाच रंग होता का?"
त्या पहाटे तो सहा वर्षांचा,
आईने गाद्यांच्या कपाटात कोंबलेला.
त्याने फक्त आवाज ऐकला,
तोही कापसातून गाळून आलेला.
तेव्हापासून त्या आवाजाला
अंग शोधतोय.
जर्मनीहून मागवतो, हाँगकाँगहून मागवतो,
खोकं उघडून कान लावल्यासारखा बघतो
आणि फळीवर ठेवून देतो.

मी पाहिलं होतं.
मिर्गाबच्या गच्चीवर आम्ही नऊ जण निजायचो,
ऑगस्टात खोलीत जीव राहत नसे.
दिलावरने मला हलवलं,
ऊठ, कुणा शेखाचं लगीन दिसतंय.
आणि ते आलं, इतकं खाली
की दोरीवरच्या लुंग्या सुटून
आमच्या तोंडावर.
(दिलावर बाणकोटला बर्फाचा कारखाना चालवतो हल्ली.
अजून म्हणतो, लगीनच होतं.)

रंग?
मान वर करून बघणाऱ्याला
रंग दिसत नाही, अबू मिशारी.
मला पोट दिसलं.
काळपट, तेलाचा ओघळ पुढून मागे,
एक झाकण धड न बसलेलं,
आमच्या धक्क्यावर
डांबर फासायला पालथी घातलेली होडी असते, तसं.
कुणीतरी घाईत दुरुस्त केलं होतं.
मला आठवतं, भीतीच्या आधी
मनात तेच आलं,
हे काम घाईत झालंय.

मी मॉडेल उलटं केलं.
पोटावर कंपनीचं नाव,
एक स्क्रू, स्टँडसाठी भोक.
वर प्रत्येक रिव्हेट मोजून घ्यावा असा,
खाली सपाट.
खालून बघणारा
गिऱ्हाईक नसतो.

पाती डकवून वाळेपर्यंत हिशेब केला.
पाच फूट सहा इंच, भागिले बहात्तर,
एक इंचही भरत नाही.
गच्चीवरचे नऊ जण
म्हणजे मूठभर शेंगदाणे,
आणि चिमूटभर लुंग्या.

मग विचारलं नाही कुणाला.
उदाच्या धुपाटण्यातला कोळसा
घड्याळाच्या तेलात खलला,
काडीने एक ओघळ ओढला,
पुढून मागे, भोकाच्या कडेकडेने.

अबू मिशारीने भिंग मागितलं नाही.
गुत्रा काढून ठेवला, वर काळा इगाल,
आणि चाळिशी ओलांडलेला तो माणूस
गालिच्यावर उताणा झोपला.
दारात मिशारी, हातात खजूर, खायचा थांबलेला.

मी उशाशी उभा राहिलो,
हात लांब केला,
एसीच्या वाऱ्यात पाती हलली थोडी.

"अजून खाली," तो म्हणाला.
"अजून."